सबवूफर बदलण्याआधी त्याची जागा बदला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या संगीतयंत्रणेच्या खरेदीविषयी प्रसिद्ध झालेला मार्गदर्शनपर लेख वाचला. सबवूफर, म्हणजे फक्त बेसचे खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर, किती वॉटचा घ्यावा, किती इंची घ्यावा आणि कोणत्या किमतीत काय मिळते, ही माहिती लेखात व्यवस्थित दिली आहे. मात्र तो ज्या खोलीत वाजणार त्या खोलीविषयी अवाक्षर नाही. दुकानदाराने ते सांगितले नाही तर समजू शकते, कारण त्याला माल विकायचा असतो. वृत्तपत्राने तरी ते सांगायला हवे होते. आठ इंची देऊन दहा इंची आणि दहा इंची देऊन बारा इंची सबवूफर घेतलेली, आणि तरीही ‘बेस नुसता घुमतो, कळत काहीच नाही’ अशी तक्रार करणारी मंडळी आपल्या कोल्हापुरात घरोघरी भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचे यंत्र निर्दोष असते. दोष असतो तो यंत्र कोठे ठेवले आहे आणि ऐकणारा कोठे बसतो यात, आणि या दोन्ही गोष्टी बदलायला जवळपास काहीच खर्च येत नाही.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११३० फूट वेगाने जातो. त्या हिशेबाने ४००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम साडेतीन इंच भरते, तर ४० हर्ट्झच्या स्वराची २८ फूट. साडेतीन इंचांची लहर १६ फुटी हॉलमध्ये मोकळेपणी फिरते. २८ फुटांची लहर तेथे धड मावतही नाही. ती समोरासमोरच्या भिंतींवरून परतते, जाणारी व येणारी लहर एकमेकींत मिसळतात आणि भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांना स्थिर तरंग म्हणतात ते तयार होतात. अशा तरंगात भिंतीपाशी हवेचा दाब सर्वाधिक हेलकावतो (हा प्रस्पंद) आणि मध्ये कोठेतरी तो हेलकावा जवळपास शून्य होतो (हा निस्पंद). हे कोणत्या स्वराला घडेल हे काढणे सोपे आहे. आवाजाच्या वेगाच्या निम्म्या, म्हणजे ५६५ या संख्येला खोलीच्या फुटांतील लांबीने भागले की त्या दिशेची पहिली वारंवारता मिळते. तिची दुप्पट, तिप्पट या पुढच्या. १६ फूट लांब, साडेदहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच हॉल घेतला तर लांबीच्या दिशेने ३५ आणि ७०, रुंदीच्या दिशेने ५४ आणि उंचीच्या दिशेने ५९ हर्ट्झ असे आकडे येतात. ही खोलीची स्वतःची सुरावट आहे. सबवूफर कितीही महाग आणा, या स्वरांवर खोली आपला शेर मिळवणारच.

आता १० बाय १० ची खोली आणि उंचीही १० फूट, अशी कल्पना करा. नव्या अपार्टमेंटमधील पुष्कळ बेडरूम या मापाच्या जवळपास जातात आणि मुलांच्या हौशीखातर यंत्रणा नेमकी तेथेच बसवली जाते. तिन्ही दिशांचा आकडा ५६ च्या आसपास येतो, म्हणजे तिन्ही जोड्या भिंती एकाच स्वराला एकदम उचलून धरतात. गाणे कोणतेही लावा, बेसचा एकच स्वर ऐकू येत राहतो. इतक्या नेमक्या घनाकृती खोलीवर फारसा इलाज नाही, आणि ज्यांना घरात निवडीला वाव आहे त्यांनी यंत्रणा तिकडे नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वेगवेगळ्या असलेला, एका बाजूने स्वयंपाकघराकडे किंवा पॅसेजकडे उघडणारा हॉल त्यापेक्षा कितीतरी बरा. अशा हॉलला वरचा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज येण्यापुरता तो पुरतो.

खोलीचा हा अंमल कोठपर्यंत चालतो याचाही अंदाज बांधता येतो. जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांनी खोलीचे घनफळ आणि आवाज विरण्यास लागणारा वेळ यांवरून एक सीमा काढण्याचे सूत्र दिले. आपल्या साध्या हॉलसाठी ती सीमा २०० हर्ट्झच्या आसपास पडते. तिच्या वर आपण मुख्यतः स्पीकरचा दर्जा ऐकतो, तिच्या खाली मुख्यतः खोली ऐकतो. सबवूफरचे सारे काम त्या सीमेच्या बरेच खाली चालते, हे लक्षात घेतले म्हणजे खोलीविना सबवूफरची चर्चा किती अपुरी राहते ते कळेल.

ज्यांना आकड्यांत रस नाही त्यांनी तबल्याचा डग्गा ऐकावा. डग्ग्यावर मनगट दाबत सरकवून वादक जी मींड काढतो, ती एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाते. देवल क्लबसारख्या संगीतसभेच्या ठिकाणी पुढच्या रांगेत बसून, ध्वनिक्षेपकाची फारशी मदत नसलेला तबला ज्यांनी ऐकला आहे त्यांना ती मींड कशी गोलाईने वळते हे माहीत आहे. घरी तेच ध्वनिमुद्रण लावल्यावर ती मींड मध्येच फुगते, मग एकदम गायब होते आणि पुन्हा उगवते, असे वाटले तर वादकाच्या हाताला किंवा ध्वनिमुद्रकाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मींड खोलीच्या एका आकड्यावरून गेली तेव्हा फुगली आणि ऐकणारा ज्या स्वराच्या निस्पंदावर बसला होता तेथे ती हरवली. तानपुऱ्याचेही तसेच. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झला बोलतो, आणि १६ फुटी हॉलचा दुसरा आकडा ७०. अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा वारसा सांगणाऱ्या आपल्या गावात जयपूर घराण्याच्या एखाद्या गायकाचे ध्वनिमुद्रण लावावे आणि तानपुऱ्याच्या गुरगुरण्यात गायकाची आलापी बुडून जावी, यासारखी खंत नाही.

राजारामपुरीतील माझ्या एका स्नेह्यांच्या हॉलमध्ये नेमके हेच घडत होते. हॉल वर सांगितलेल्या मापाचा. सबवूफर टीव्हीच्या शोकेसशेजारी कोपऱ्यात ढकललेला, सोफा समोरच्या भिंतीला पाठ टेकवून, आणि मध्ये जेवणाच्या वेळी घडी उलगडायचे टेबल. मोबाइलवर शुद्ध स्वर काढणारे एक मोफत अ‍ॅप घेऊन आम्ही ३० हर्ट्झपासून दोन-दोन हर्ट्झने वर चढत गेलो. ३५ च्या जवळ सोफ्याची पाठ थरथरू लागली. ४२ ते ४८ च्या टापूत आवाज इतका उतरला की सबवूफर बंद पडला की काय असे वाटावे. ५४ वर शोकेसची सरकती काच खडखडू लागली आणि वरच्या कप्प्यातील पितळी समईचे झाकण तिला साथ देऊ लागले. ७० वर पुन्हा दणका. गेले कित्येक महिने ‘बेस फाटतो’ म्हणून ज्या यंत्राला दोष दिला जात होता त्याचा निम्मा फाटका आवाज त्या काचेचा होता. काचेच्या खाचेत वहाणेच्या दुकानातून आणलेली रबराची पातळ पट्टी बसवली तेव्हा ती तक्रार तेथल्या तेथे मिटली. घरातील खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या, पडद्यांचे दांडे, ट्यूबलाइटच्या पट्ट्या आणि फॉल्स सीलिंगमधील सैल दिवे यांची झडती प्रत्येकाने आधी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो.

त्यानंतर मुख्य काम. कोपरा ही अशी जागा आहे जेथे तिन्ही दिशांच्या स्थिर तरंगांचा दाब एकाच वेळी सर्वाधिक असतो, आणि म्हणून तेथे ठेवलेला सबवूफर खोलीचे सगळेच आकडे पूर्ण जोमाने चेतवतो. आवाज मोठा येतो, दुकानात आणि घरात त्याचे कौतुकही होते, पण तो मोठेपणा मोजक्या स्वरांचाच असतो. तोच सबवूफर टीव्हीखाली, टीव्हीच्या भिंतीच्या मधोमध आणला तर रुंदीच्या पहिल्या तरंगाचा निस्पंद नेमका तेथे येतो, आणि ज्या स्वराला त्या जागी दाबच नाही तो स्वर चेतवला जात नाही. स्नेह्यांच्या हॉलमध्ये ५४ चा दणका एवढ्याने ओसरला. उरला लांबीच्या दिशेचा प्रश्न, आणि तो सोफ्याशी निगडित होता. पाठीमागच्या भिंतीला टेकून बसणारा माणूस लांबीच्या प्रत्येक तरंगाच्या प्रस्पंदात बसलेला असतो. सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे घेतला की अशा खोलीत ७० हर्ट्झचा फुगवटा गणिताप्रमाणे ३ डेसिबलने उतरतो. चार फूट पुढे घेतला तर तो स्वर जवळपास नाहीसाच होतो, आणि हेही नको. हॉलच्या नेमक्या मध्यावर तर कधीही बसू नये, कारण तेथे ३५ चा स्वर हरवतो. त्यामुळे दोन-अडीच फुटांवर समाधान मानले. सोफ्यामागे रिकामी झालेली जागा घरातील ज्येष्ठांना प्रथम खटकली, नंतर तेथे पुस्तकांचे एक बुटके कपाट उभे राहिले.

प्रत्येक घराला हे गणित मांडणे जमेल असे नाही, म्हणून एक साधी युक्ती सांगतो, जी जगभरचे हौशी लोक वापरतात. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण जेथे बसतो तेथे ठेवावा. बेसचा सलग चढउतार असलेले, आपल्या पूर्ण ओळखीचे गाणे लावावे आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीच्या जवळ राहील असे रांगत फिरावे. ज्या जागी सगळे स्वर सारख्या वजनाने ऐकू येतात तेथे खडूने खूण करावी आणि सबवूफर तेथे नेऊन ठेवावा. यात जादू काही नाही. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी एकाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम तोच राहतो, हा परस्परतेचा नियम लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवला आहे. पन्नाशीच्या गृहस्थाला हॉलमध्ये रांगताना पाहून घरचे हसतात, एवढाच काय तो तोटा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हे काम नातवंडांवर सोपवावे. लहान मुलांचे कान या बाबतीत फार चोख असतात आणि त्यांना ‘मोठा आवाज’ व ‘चांगला आवाज’ यांतील फरक दोनदा समजावून सांगितला की पुरते.

मोजमाप करायचेच असेल तर साधनेही आता आवाक्यात आहेत. रूम ईक्यू विझार्ड हा संगणकावरील कार्यक्रम मोफत मिळतो आणि मिनीडीएसपीच्या यूमिकसारखा मोजणीचा मायक्रोफोन त्याच्या प्रमाणीकरणाच्या फाइलसह विकत घेता येतो. मोबाइलचा मायक्रोफोन खालच्या स्वरांवर कमी भरतो, म्हणून ३० आणि ८० हर्ट्झची तुलना त्याच्यावर करू नये. मात्र तोच मोबाइल, तोच स्वर आणि यंत्राचा आवाजही तितकाच ठेवून खोलीतील दोन जागांची तुलना केली तर ती बरोबर ठरते, आणि आपल्याला बहुतेक वेळा एवढेच हवे असते.

येथे रिसीव्हरमधील, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य पेटीतील, खोलीनुसार आवाज जुळवणाऱ्या स्वयंचलित दुरुस्तीविषयी सांगणे भाग आहे, कारण आपल्या लेखात तिचा उल्लेख रामबाण उपाय म्हणून आला आहे. ऑडिसी, डिराक यांसारख्या व्यवस्था उपयोगी आहेत, आणि जागा ठरवून झाल्यावर त्या जरूर वापराव्यात. परंतु त्यांना फुगवटा छाटता येतो, खड्डा भरता येत नाही. ज्या जागी थेट आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर एकमेकींना खोडून टाकतात तेथे तुम्ही यंत्राला जोर लावायला सांगितले तर दोन्ही लहरी सारख्याच वाढतात आणि पुन्हा एकमेकींना खोडतात. त्यात १० डेसिबलची वाढ मागणे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागणे होय. १०० वॉटचे काम १००० वॉटचे होते आणि शेवटी स्पीकरचे व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारे तारेचे वेटोळे, तापून जळते. छिद्राच्या पेटीचा, म्हणजे पोर्ट असलेला सबवूफर त्याच्या पोर्टच्या स्वराखाली जबरदस्तीने उचलायला गेल्यास त्याचा पडदा मोकाट हलतो आणि लवकर निकामी होतो. शिवाय एका सोफ्यासाठी केलेली दुरुस्ती शेजारच्या खुर्चीवर लागू पडेलच असे नाही.

एकापेक्षा अधिक जागी सारखा बेस हवा असेल तर खरा उपाय दुसरा सबवूफर हा आहे, आणि तो मोठा असण्याची गरज नाही. हार्मन कंपनीतील संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये सबवूफरची संख्या व जागा यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. आयताकृती खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक किंवा चारही भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवल्यास वेगवेगळ्या आसनांवरील फरक लक्षणीय कमी होतो, असे त्यातून दिसले. कारण समजण्यासारखे आहे. लांबीच्या पहिल्या तरंगात एका टोकाला दाब चढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला तो उतरत असतो. दोन्ही टोकांना एकाच वेळी सारखे ढकलणारे दोन सबवूफर ठेवले तर त्या तरंगाला उभे राहायला आधारच मिळत नाही. दोन आठ इंची सबवूफर मिळून एका बारा इंचीइतकी हवा हलवत नाहीत हे खरे, म्हणून ज्यांना चित्रपटातील स्फोट छातीवर हवे आहेत त्यांचे समाधान होणार नाही. संगीत ऐकणाऱ्याने मात्र बारा इंचीचा मोह सोडून दोन लहान घ्यावेत, एक टीव्हीखाली आणि दुसरा सोफ्यामागे, असे मी सुचवीन.

जुळवणीच्या बटणांबद्दल थोडक्यात. सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांची सीमा साधारण ८० हर्ट्झला ठेवण्याचा प्रघात आहे, कारण त्याखालचा आवाज कोठून येतो हे कानाला सहज ओळखता येत नाही. आपल्याकडे ते बटण अनेकदा १२० च्याही पुढे फिरवलेले आढळते आणि मग निवेदकाचा आवाज टीव्हीऐवजी कोपऱ्यातून येऊ लागतो. रिसीव्हरमध्ये सीमा ठरवली असेल तर सबवूफरवरील तेच बटण शेवटपर्यंत उघडे ठेवावे, अन्यथा एकाच स्वराला दोनदा कात्री लागते. फेजचे, म्हणजे सबवूफरची लहर मुख्य स्पीकरच्या लहरीशी जुळवण्याचे बटण शोभेचे नाही. ८० हर्ट्झचा स्वर लावून एकाने सोफ्यावर बसावे, दुसऱ्याने ते हळूहळू फिरवावे आणि आवाज सर्वाधिक भरेल तेथे थांबवावे. गाणे बंद असतानाही सतत ऐकू येणारी घूं मात्र खोलीची नव्हे, विजेच्या ५० हर्ट्झची आहे. ती बहुधा केबलच्या सेट-टॉप बॉक्समधून किंवा दोन वेगळ्या प्लगांच्या अर्थिंगमधून येते. त्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पीन कापण्याचा जो उद्योग काही कारागीर करतात तो जिवावर बेतणारा आहे. सर्व उपकरणे एकाच बोर्डवर घेऊन पाहावे.

भिंतींवर फोम चिकटवणाऱ्यांची मला खरोखर कीव येते. ५० हर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांश साडेपाच फुटांहून अधिक भरतो; तिला एक इंची फोम किंवा अंड्यांचे ट्रे रोखू शकत नाहीत. उलट असे फोम आणि जाड पडदे फक्त उंच स्वर शोषतात, खोली वरून मिटते आणि खालचा घुमारा पूर्वीपेक्षा उघडा पडतो. बेससाठी जाडी लागते आणि ती कोपऱ्यात लागते. कापडात गुंडाळलेल्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पाट्या फूट-दीड फूट जाडीने कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत उभ्या केल्या तर काही फरक पडतो. गादी कारखान्यातून भरून घेतलेल्या कापसाच्या जाड गुंडाळ्यांनीही थोडेफार काम होते, मात्र आपल्याकडील जुलै-ऑगस्टच्या ओलीत भिंतीला चिकटून राहिलेला कापूस बुरसतो, तेव्हा मागे चार बोटे हवा खेळती ठेवावी आणि दिवा-उदबत्तीपासून तो दूर राहील हे पाहावे.

एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत अजून उभ्या असलेल्या जुन्या कौलारू घरांत, लाकडी तक्तपोशीच्या माळ्याखाली, अगदी सामान्य यंत्रणेचाही बेस सुटसुटीत ऐकू येतो. त्या घरांच्या फळ्या आणि कौले खालच्या स्वरांबरोबर स्वतः थोडी हलतात, त्यांची ऊर्जा खातात आणि उरलेली बाहेर जाऊ देतात. आपल्या आरसीसी इमारतींचे स्लॅब आणि भिंती तसे करत नाहीत. त्या जवळपास सगळेच परत फेकतात. परदेशी नियतकालिकांतील सल्ले बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ तक्ते मारलेल्या घरांसाठी लिहिलेले असतात, हे ते सल्ले जसेच्या तसे उचलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

बेसचा विषय निघाला की आपल्या शहरात मिरवणुकांतील डॉल्बीचा विषय निघतोच, आणि आपल्या वृत्तपत्राने त्यावर सातत्याने लिहिले आहे. घरातील श्रोत्यालाही शेजारी असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मोजणी ज्या ए-पट्टीवर होते ती पट्टी ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. त्यामुळे ७५ डेसिबलचा ५० हर्ट्झचा आवाज मापकावर ४५ च दिसतो आणि वरच्या मजल्यावरील माणसाची झोप मात्र मोडते. रबरी पायांनी लादीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून स्लॅबपलीकडे जाणारा बेस थांबत नाही. खोलीचे फुगवटे काढून टाकले की शेजाऱ्याला जाणारा सर्वांत त्रासदायक भागही त्यांच्याबरोबर जातो, हा या खटाटोपाचा एक लाभ आहे. रात्री दहानंतर सबवूफर बंद ठेवावा याला मात्र पर्याय नाही.

कधी कधी तो दिवसाही बंद ठेवावा. १९२५ पूर्वी, विजेचा मायक्रोफोन येण्याआधी, भोंग्यासमोर गाऊन मुद्रित झालेल्या तबकड्यांत साधारण २०० हर्ट्झच्या खालचे संगीत जवळजवळ नाहीच. तेथे सबवूफर ऐकवतो ती केवळ तबकडीची घरघर.

जागा बदलल्यानंतरचे पहिले काही दिवस बहुतेकांना बेस कमी झाल्यासारखा वाटतो, याची पूर्वकल्पना देऊन ठेवतो. एकाच स्वराच्या दणक्याला सरावलेल्या कानाला सारखा बेस फिका वाटणे स्वाभाविक आहे. या काळात आवाजाचे बटण वाढवू नये.

आता आपल्यामार्फत शहरातील वास्तुविशारद, अंतर्गत सजावट करणारे आणि फर्निचरचे कारागीर यांना एक विनंती. टीव्हीच्या युनिटमध्ये सबवूफरसाठी म्हणून जो बंद कप्पा कोपऱ्याकडे काढून दिला जातो तो कृपया काढू नये. एकदा तो कप्पा लॅमिनेट लावून तयार झाला की पुढची दहा वर्षे सबवूफर तेथेच राहतो आणि कप्प्याच्या फळ्या त्याच्याबरोबर बोलू लागतात. त्याऐवजी हॉलच्या वायरिंगचे काम सुरू असतानाच टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर, समोरच्या भिंतीच्या मध्यावर आणि जमल्यास एका लांब भिंतीच्या मध्यावर जमिनीलगत पाच अँपिअरचा एकेक प्लग द्यावा, आणि टीव्हीच्या जागेपासून त्या प्रत्येक ठिकाणापर्यंत पाऊण इंची वेगळा पाइप गिलाव्याआधी भिंतीत गाडावा. सिग्नलची केबल विजेच्या तारांच्या पाइपमधून नेऊ नये. पाइपमध्ये ओढतार घालून ठेवावी आणि दोन्ही टोकांना झाकणे लावावीत, म्हणजे घरमालकाला पुढे सबवूफर जेथे हवा तेथे नेता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक,
कोल्हापूर